गया मावशीचं बेट

बेटावर नोकरी केली म्हणून सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं लगेच नारळाचं झाड आणि झोपाळा येतो. आता मी शहरातल्या कार्यालयात बसते आणि दर हिवाळ्यात शाळाशाळांतून पक्ष्यांची चित्रं दाखवायला मला पाठवतात. परवा गुलमंडीजवळच्या एका शाळेत सहावीतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, बेटावर तुम्ही दिवसभर काय करायच्या?" मी तोंड उघडलं आणि बंद केलं. खरं उत्तर असं होतं, की मी फारसं काही करत नव्हते. जे काय करायची ते गया मावशी करायची. मी तिच्या मागं चालायचे आणि संध्याकाळी वहीत लिहायचे. पण सरकारी माणसानं शाळेत असं सांगायचं नसतं, म्हणून मी ‘निरीक्षण, संवर्धन’ असलं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. घरी येताना रिक्षात मला माझाच राग आला. म्हणून हे लिहायला बसले.

नाथसागराच्या पाण्यात लहानमोठी बेटं आहेत. आमचं त्यातलं अगदी किरकोळ. एका टोकाला उभं राहून हाक मारली की दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. तीन बाभळी, काठानं बेशरमीची झुडपं, मधे खडीवाळूचा उघडा पट्टा आणि आमची पत्र्याची चौकी. उन्हाळ्यात त्या खडीवर सुरय पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे काय, तर अंगठ्यानं दाबल्यासारखा खळगा आणि त्यात खड्यांच्याच रंगाची दोन-तीन अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. त्यांच्यावर कुणाचा पाय, खूर, पंजा पडू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा.

वनरक्षक म्हणून माझी ती पहिलीच नेमणूक. कडक इस्त्रीचा गणवेश, नवे बूट, गळ्यात दुर्बीण, अशी मी रशीदभाईच्या होडीतून उतरले आणि दुसऱ्याच पावलाला मागून कुणीतरी माझा पट्टा धरून मला असं खेचलं की मी धपकन वाळूत बसले. वर बघते तर साठीच्या आसपासची, काटकुळी, काळी, नऊवारीचा काष्टा मारलेली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"डोळे घरी ठिवून आल्या का?" ती म्हणाली. "तीन जीव गेले आसते आत्ता."

माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर तीन अंडी होती. रशीदभाई होडीत बसून खो खो हसत होता. "मॅडम, ये हमारी मौसी है. इधर साहब कोई भी रहो, हुकूम इनकाच चलता."

ती रोजंदारीवर होती. माझ्या आधी सहा की सात वनरक्षक येऊन बदलून गेले होते, ती तिथंच. जातीची धनगरीण, सासर पाण्याकाठच्या गावात. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. सासरी एक खोली तेवढी तिच्या नावाची होती. माझं गाव पिशोर म्हटल्यावर मात्र तिचा चेहराच पालटला. तिचं माहेर आमच्या पिशोरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. "आगं बाई, माझ्या म्हायेरची गार्डीण!" असं म्हणून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. त्या दिवसापासून मी तिची गार्डीणबाई झाले. माझं नाव तिला शेवटपर्यंत माहीत होतं का नाही, देव जाणे.

सकाळी उजाडायच्या आत तिची पहिली फेरी. फेरीच्या आधी चहा नाही. मी चहासाठी कळवळले तरी नाही. "ढोरांला पानी पाजल्याबिगर आपुन पेतो का?" हा तिचा सवाल. हातात काठी, डोक्यावर पदर, आणि सबंध बेटाला एक वळसा. कुठं रात्री कुत्रं पोहून आलं का, कुठं जाळ्याचा तुकडा वाहून आला का, कुठल्या अंड्याला तडा गेला. पक्षी तिच्या डोक्यावरून ओरडत झेपा घ्यायचे, पदरावर शिटायचे. ती त्यांच्याशी बोलत चालायची. "व्हय गं बाई, व्हय. गेले बग म्या. झालं?" सुरयांची शेपटी दुभंगलेली, म्हणून ती त्यांना कातऱ्या म्हणायची. रोहित पक्ष्यांना म्हणायची सरपंचिणी. काहून, विचारलं तर म्हणाली, "बगा की, कशा मान वर करून चालत्यात. कामाचं नाव नाय."

मोजणीवरून आमची रोज तकरार. मी दुर्बीण लावून, ओठ हलवत, शंभर झाले की वहीत रेघ मारून मोजणार. ती कपाळावर आडवा हात धरून थव्याकडं नुसती बघायची आणि सांगायची, "चार इसा आन सात. एक कालचं आलं नाय." इसा म्हणजे वीस, म्हणजे सत्त्याऐंशी. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारी ठोकून देतेय. मग मी गुपचूप पडताळा घ्यायला लागले. निम्म्या वेळा माझंच चुकलेलं निघे. एकदा आग्रहानं तिच्या डोळ्यांना दुर्बीण लावली, तर तिनं लगेच परत केली. "ह्यातून येकच दिसतंय. बाकीचा कळप कुटं गेला त्ये कसं कळायचं?" मेंढरं राखलेल्या माणसाला आकडा नंतर कळतो, आधी कोण नाही ते कळतं. मी वनखात्याची परीक्षा पास झालेली, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पाहुण्यांचा तर तिला भारी वैताग. एकदा कुणी बडे गृहस्थ बायकामुलांसह आले. गृहस्थांनी उतरल्या उतरल्या फोन काढला आणि घरट्यांच्या पट्ट्याकडं निघाले. मी "सर, सर" करत मागं. मावशीनं काठी उचलली आणि तोंडानं "हुर्रर्र, हा हा हा" असा मेंढरं वळवायचा आवाज काढला. काय झालं कोण जाणे, ते अख्खं कुटुंब दचकून एका रांगेत आलं! मग पुढं मावशी, मागं गृहस्थ, त्यांच्या मागं बाई आणि दोन मुलं, अशी ती वरात सगळ्या बेटाभोवती फिरली आणि होडीत जाऊन बसली. जाताना गृहस्थ म्हणाले, "फार शिस्त आहे हं तुमच्याकडं." मी मान डोलावली. होडी लांब गेल्यावर मावशी म्हणाली, "म्होरचं मेंढरू वळलं की झालं, बाकीची येत्यातच."

पण तिचं चुकायचं नाही असं नव्हे. चुकली, आणि अशी चुकली की ती चूक फक्त धनगराचं माणूसच करू शकेल. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात घरटी फार झाली. आमचेच पाय कुठं पडतील ह्याची धास्ती. तर मावशीनं गावातून गेरू आणला. त्यांच्यात मेंढरं ओळखू यावीत म्हणून पाठीवर रंगाचा ठिपका देतात. तिनं काय केलं, प्रत्येक घरट्याशेजारी गेरूनं रंगवलेला एकेक दगड ठेवला. लांबून दिसायचं, कुठं पाय टाकायचा नाही ते. मला कल्पना इतकी आवडली की मी फोटो काढून साहेबांना पाठवले. साहेबांनी अंगठा पाठवला.

चार दिवसांत कावळ्यांना दगड वाचता यायला लागले.

एक कावळा आला, लाल दगडापाशी उतरला, अंडं फोडलं. तिथून उडून पुढच्या लाल दगडापाशी. त्याचं बघून दुसरे आले. आम्ही दोघी दोन टोकांना काठ्या घेऊन धावत होतो आणि ते मधे जेवत होते. दुपारपर्यंत निम्मी घरटी रिकामी. मावशी वाळूत बसली आणि तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं, दोन्ही हातांनी. "म्याच दाखिवलं. म्याच बोट करून दाखिवलं!" दोन दिवस ती जेवली नाही. मी भाकरी पुढं केली की तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी फेरीला गेली आणि तरातरा परत आली. "गार्डीणबाई, उटा. गेरू भिजवा." दिवसभर आम्ही बेटावरचा दिसेल तो दगड रंगवला. जिथं घरटं नाही तिथं, काठाला, बाभळीखाली, चौकीच्या दारात. कावळे आले, ह्या दगडावर, त्या दगडावर उतरले, काहीच मिळेना. संध्याकाळपर्यंत वैतागून निघून गेले. मावशी उकिडवी बसून बघत होती, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा फिदीफिदी हसली. मग गूळ मागितला आणि भाकरी खाल्ली.

आता तिच्या भावाचं सांगते. ते सांगायचं म्हणजे माझंही थोडं सांगावं लागणार, आणि ते मला आवडत नाही.

मावशीला जगात माणूस असं एकच होतं, धाकटा भाऊ म्हादू. आई लवकर गेल्यानं हिनंच त्याला पाठीशी बांधून मेंढरांमागं वाढवलेला. दर नागपंचमीला तो तिला न्यायला यायचा. बायका सासरी म्हाताऱ्या झाल्या तरी पंचमीला मुऱ्हाळी आला पाहिजे, हा तिचा हट्ट. आखाड लागला की तिचं सुरू व्हायचं, "म्हादू येईल आता. आट दिस मी नाय, बेट तुमच्या जिम्म्यावर." आठ दिवस माहेरी राहून ती परत यायची ती वर्षभराचं बोलणं घेऊन यायची. म्हादूच्या मेंढरांची नावंसुद्धा मला पाठ झाली होती.

तिसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला. पाणी मागं सरत सरत गेलं आणि चैत्रात आमच्या बेटाला काठापासून चिखलाची एक वाट फुटली. बेट कसलं, नुसतं टेकाड झालं. रशीदभाईची होडी उलटी पडली. आम्ही चालतच जायचो-यायचो आणि दिवसभर कुत्री हाकलायचो. अंड्यांतून पिल्लं निघाली होती, तुरूतुरू पळायची, पण उडायला अजून तीन आठवडे तरी हवे होते. बेटावर ओलीमुळं गवत मात्र हिरवंगार.

एका सकाळी काठावर धुरळा उठला. मेंढरं. पुढं पांढऱ्या फेट्याचा, हातात कडं घातलेला उंच माणूस. मावशीनं कपाळावर हात धरून बघितलं आणि लहान पोरीसारखी ओरडली, "म्हादू आला!"

तो चिखलाच्या वाटेच्या तोंडाशी थांबला. हसला. "अक्का, तिकडं डोंगरात काडी नाय ऱ्हायली. तू हायस म्हनून लांबून आलो. आट दिस चरू दे."

इथं बोलायचं काम माझं होतं. गणवेश माझ्या अंगावर होता, शिट्टी माझ्या खिशात होती. ‘इथं चराई बंद आहे’ एवढे चार शब्द. पण समोर माझ्याच मुलखातला माणूस, खपाटीला गेलेली मेंढरं, आणि ही दोघं बहीणभाऊ. मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि पाण्याकडं बघत राहिले, जणू तिकडं काही मोठं चाललं होतं. काहीसुद्धा नव्हतं तिकडं.

मावशी एकटीच पुढं गेली. हातातली काठी तिनं वाटेवर आडवी ठेवली. त्यांच्या घरात थोरल्या माणसानं काठी आडवी टाकली की ती ओलांडायची नाही, अशी बापापासूनची चाल. म्हादूचं हसू तिथंच गेलं.

"अक्का, चेष्टा नको करू."

"ह्याच्या पल्याड नाय, म्हादू. पिल्लं हायत."

"माझी मेंढरं मरतील."

"मरतील काही," ती म्हणाली. "पर तुझी मेंढरं चालत आली, चालत जातील. ह्यांला आजून पंख नाय फुटले. ह्यांनी कुटं जावं?"

"पाखरं जास्त झाली तुला? म्या कोन हाय तुझा?"

तो काठीकडं बघत होता. मेंढरं ओरडत होती, त्यांना गवताचा वास लागला होता. शेवटी त्यानं फेटा काढून पुन्हा बांधला आणि म्हणाला, "बरं. आजपासून तुला म्हायेर नाय. पंचमीला वाट बगू नको." आणि मेंढरं वळवली. काठी ओलांडली नाही.

धुरळा दिसेनासा झाला तरी ती उभीच होती. मग काठी उचलून फेरीला गेली. त्या दिवसाची मोजणीसुद्धा तिनं सांगितली, एकाचाही फरक नाही. संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, मी बोलायला पाहिजे होतं."

"तुमी बोलला आसता तर त्यानं मेंढरं घातली आसती," ती म्हणाली. "सरकारचं कोन ऐकतंय? भनीचं ऐकलं त्यानं." मग म्हणाली, "पर तोंड तरी उगडायचं व्हतं. म्या तुमाला गप बशीवलं आसतं. मग त्याला वाटलं आसतं, हुकूम सरकारचा हाय, अक्काचा नाइलाज हाय."

हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. खोटं नाही सांगत.

पिल्लं उडाली. एका दिवसात नाही, आठवडाभर एकेक करून. शेवटचं उडालं तेव्हा मावशी म्हणाली, "झालं बाई," आणि चूल सारवायला बसली. म्हादूची बरीच मेंढरं वाटेत गेली, हे मला गावाकडून कळलं. मी तिला सांगितलं नाही. पण तिनंही कधी विचारलं नाही, म्हणजे तिला कळलेलंच होतं.

पुढच्या पंचमीला सकाळीच बघते तर मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, बोचकं घेऊन सडकेकडच्या काठावर बसलेली. दिवस मावळला तशी उठली आणि होडीत येऊन बसली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. रशीदभाई म्हणाला, "छोडो ना मौसी, क्यों जान हैराण करते?" तर त्याच्यावर उखडली, "म्या कुटं कुनाची वाट बघाय बसले? वारा खाते जरा."

मला राहवेना. सुट्टीत गावी गेले तशी म्हादूच्या घरी गेले. त्यानं पाणी दिलं, चहा दिला. मी घरून पाठ करून गेले होते ते म्हटलं, "भाऊ, तो माझा हुकूम होता. त्यांचा काही दोष नाही."

"बाई," तो शांतपणे म्हणाला, "तवा तुमच्या तोंडून सबूद निगाला न्हवता. म्या तुमच्याकडंच बगत व्हतो. तुमी बोलताल, अक्का गप ऱ्हाईल, म्या माघारी जाईल, सगळं नीट व्हईल म्हनून." मग कप उचलून आत गेला. मी पिशोरपर्यंत चालत आले, वाटेत एकदा बांधावर बसून रडले. मावशीला ह्यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

चौथी पंचमी. पाणी भरपूर होतं, काठ हिरवा. मावशी तशीच बसलेली, तेच लुगडं, तेच बोचकं. मी आणि रशीदभाई होडीतलं पाणी उपसत होतो. दुपारी वरच्या सडकेवर एक काळीपिवळी जीप थांबली आणि एकटाच माणूस उतरला. काठीनं चाचपत उतार उतरायला लागला. फेटा ओळखला मी. माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

मावशीनंही बघितलं होतं. ती उठली नाही. दुसरीकडं तोंड करून बसली, येऊ दे त्याला पायाशी, अशी. तो आला, आला, आणि काठावर न थांबता तसाच पाण्यात उतरला. घोटे बुडाले तरी पुढंच चालला.

"म्हादू! पानी हाय!" अशी ओरडत ती उठली ती धावतच गेली आणि त्याला दंडाला धरून मागं ओढलं. "दिसत नाय व्हय रं तुला?"

"दिसतं थोडं थोडं," तो म्हणाला. "सावली सावली दिसती."

"आन मेंढरं?"

"इकली."

त्यानं चाचपून तिचा हात धरला. "चल, अक्का. न्याया आलो."

"इतका उशीर लावत्यात व्हय रं?" तिनं त्याला झापलं. "सकाळधरनं बसलेय! ऊन कलाया आलं!"

"वाट लई लांब हाय गं," तो म्हणाला. मग मी असेन असं वाटलं त्या दिशेला त्यानं तोंड फिरवलं. "गार्डीणबाई हायत का? अक्काला आट दिसाची सुट्टी द्याल का?"

रोजंदारीच्या माणसाला सुट्टी नसते, आणि द्यायचा अधिकार तर मला मुळीच नव्हता. मावशीला ते पक्कं ठाऊक. ती माझ्याकडं बघत होती.

"दिली!" मी इतक्या जोरात ओरडले की काठावरच्या टिटव्या उडाल्या. "आठ काय, लागतील तेवढे दिवस दिली!"

"आगं हळू," मावशी म्हणाली. "आंदळा हाय, बहिरा नाय."

ती परत आली नाही. त्याला सोडून येणार तरी कशी. वर्षभरानं माझी बदली शहरात झाली. पण त्या दुपारचं मला लख्ख दिसतं. बोचकं डोक्यावर, म्हादूचा हात तिच्या खांद्यावर, दोघं उतार चढून वर गेली. काळीपिवळीवाला हॉर्न वाजवत होता, तर तिनं त्यालाच दम भरला, माणूस बघून वाजव म्हणून. आधी म्हादूला नीट आत बसवलं, त्याचे ओले पाय पदरानं पुसले, आणि मग ती चढली.